‘जेवलीस का?’ विचारायला धुळ्याला

मी नि बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते उडदाच्या पापडांचं. ती लाटत होती, मी कावळे हाकत होतो. त्याच रात्री ती झोपेत गेली. पापड वाळले.

महिन्याने धुळ्याहून शालकाने दुखवट्याला बोलावलं (बायकोच्या माहेरचे गोड घास भरवतात, मग दुःख उतरलं म्हणायचं). बोदवडहून जळगावला आलो, तिथे धुळ्याची एसटी धरली. हातात इंग्रजीचं पहिलं पुस्तक. मुलगा जर्मनीत, सून तिकडचीच. नातीला मराठी येत नाही. तरी हिची नि तिची व्हिडिओ फोनवर गट्टी. ही अहिराणीत बोलायची, ती जर्मनमध्ये, आणि दोघी हसायच्या. मला तसं जमत नाही. मला शब्द लागतात; परदेशात इंग्रजी चालते, म्हणून हे पुस्तक. आता फोन आला की पोरगी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

पारोळ्याला शेजारी एक कापूसवाला बसला. पुस्तक पाहून म्हणाला, “आबा, या वयात परीक्षा शे का?”

“शे. या ‘नाइफ’मध्ये पुढे ‘के’ अक्षर कशाला, सांग.”

“तो नुसता बठेल शे (बसलेला आहे), आमना सरपंचसारखा.”

धुळ्यात ताटं वाढलेली. पुरणपोळीचा पहिला घास मी घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. मी हात आखडून बसलो. “गोड नंतर. आधी नातीला ‘जेवलीस का’ कसं विचारायचं, ते सांगा.”

शालकाची मुलगी वर्षा इंग्रजी-जर्मन दोन्ही भाषांचा क्लास घेते. ती ओरडली, “नाना, बठ्ठा (सगळे) उपाशी शेतस!”

“मग लवकर सांग.”

“ते पुस्तक मिटा. इंग्रजीत लिहितात एक, वाचतात भलतंच. साधा प्रश्न विचारायचा तरी पुढे ‘डिड’सारखा एक रिकामा शब्द जुंपावा लागतो. जर्मन बहुतेक लिहिली तशी वाचतात. प्रत्येक शब्दाचं तो-ती-ते पाठ करावं लागतं, पण ते आपल्यातही आहेच.”

“मग सगळं जग इंग्रजीच्या मागे का?”

शालक म्हणाला, “जगाची नात जर्मनीत नाही, नाना. जेवा आता.”

‘हास्ट डू गेगेसन’ एवढं तोंडात बसलं, तेव्हा घास घेतला.

सकाळी परतीची गाडी मुद्दाम चुकवली. तिकडे उजाडू दिलं, मग फोन लावला आणि विचारलं. पोरीने डोळे मोठे केले नि भडाभडा बोलत सुटली. मला एक शब्द कळला नाही. फोन वर्षाकडे दिला नाही. तिचं संपेपर्यंत ऐकलं. मग वर्षाला म्हणालो, “बस इथे. आता उत्तरं शिकव.”