हाय आणि न्हाय

सरकारी कागदात आमची पलटण ‘राखीव स्वयंसेवक पायदळ’ होती. गावोगावी तिला ‘महिन्याची पलटण’ म्हणत. वर्षातून एक महिना परेड, उरलेले अकरा महिने ऊस आणि बैल. महायुद्ध सुरू झालं आणि तो महिना संपेचना. बेचाळीसच्या थंडीत आमची कंपनी कृष्णेवरच्या रेल्वेपुलाच्या पहाऱ्यावर होती. शत्रू म्हणून दाखवली होती ती आमच्याच गावची पोरं. ती रूळ उखडत होती.

मी आष्ट्याचा, पत्रकं वाचून वाढलेला. ‘वर्दी उतरवा’ हे पत्रक भाकरीच्या फडक्यातून छावणीत आलं, ते मी पाठ केलं. लान्सनाईक आप्पा माझ्याच गल्लीतला. त्याला म्हणालो, “आपल्या माणसावर मी गोळी झाडणार न्हाय.”

तो हसला. “तुला बंदूक देतंय कोण रं? तुझ्याकडं टेलिफोन हाय.”

सकाळी पावणेसात. धुकं इतकं की पुलाची दुसरी कमान दिसेना. अलीकडे मी टेलिफोनवर, शेजारी हवालदार आणि ब्रेनगन. पलीकडच्या चौकीत आप्पा आणि पाटणचा नाईक धोंडी. पुलावरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. हवालदार तीनदा ओरडला, “थांब, कोण?” खाली बंधाऱ्याचं पाणी गर्जत होतं. उत्तर आलं नाही.

“धोंडीला विचार.”

“धोंडीबा, पुलावर परकी माणसं हायत का?”

तारेत खरखर. मग, “...हायत.”

“हायत,” मी सांगितलं.

“फायर.”

गोळ्या सुटल्या आणि तार एकदम स्वच्छ झाली. धोंडी ओरडत होता, “आरं न्हायत म्हटलं! न्हायत! आप्पा हाय तिथं, बोल्ट बघाय गेलाय!”

आलेला निरोप परत म्हणून दाखवायचा, हा सिग्नलचा पहिला नियम. नव्या भरतीला तो मीच शिकवायचो. पण पंधरा दिवस त्या पोरांच्या धास्तीनं मला झोप नव्हती. कान जे ऐकायला टपले होते, तेच त्यांनी ऐकलं.

आप्पाच्या मुठीत पाना होता. सात दहाला तो गेला. मी दिलेला शब्द पाळला. गोळी मी झाडली नाही.

सुभेदारांपुढे उभा राहिलो. “साहेब, चूक माझी. लिहा.”

“गप बस. पुलावर जा.”

रिपोर्टात ‘धुक्यातील अपघात’ लिहिलं गेलं. पुढे टेलिफोनवर ‘न्हाय’ बंद झालं, ‘नकार’ म्हणायचं ठरलं. धोंडीबाला आजही कुणी चहा विचारला की तो “नकार” म्हणतो. लोक हसतात. आता पलटणीचा इतिहास छापायचं चाललंय, त्यातही अपघातच येणार. म्हणून इथं लिहितो: गोळी आमची, हुकूम आमचा, कान माझे.

हजेरीला आमचे गडी ‘हाजिर’ न म्हणता ‘हाय’ म्हणत. आप्पा गेला त्या संध्याकाळी हवालदारानं सवयीनं आप्पाचं नाव पुकारलं.

मग मागच्या रांगेतून धोंडी म्हणाला, “न्हाय.”

या वेळी ते सगळ्यांना नीट ऐकू आलं.