इकिमोतूचे साठ उंगा

इकिमोतूला मी चाळीस वर्षं ओळखत होतो. नारळ फोडून खाणारा जमिनीवरचा मोठा खेकडा, ज्याला आम्ही उंगा म्हणतो, तो पकडण्यात गावात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. त्याची बायको लिनेता हिच्या माहेरचं समुद्राकडचं रान गावसभेने आठ वर्षं बंद ठेवलं होतं, कारण तिथले उंगा संपत आले होते. बंदी लिनेताच्याच हट्टाने आली होती.

मग पोकोतोआने मुलाचे केस कापण्याचा सोहळा डिसेंबरात ठरवला. पोकोतोआ गावसभेचा प्रमुख आणि लिनेताचा भाचा. ऑकलंडहून दोनशे नातेवाईक येणार होते.

"पानात उंगा नसला तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, विमानात बसल्यावर बोलतील," तो म्हणाला.

सभेने ठरवलं, आधी मोजू या. पुरेसे निघाले तरच रान उघडायचं.

सरकारी कचेरीतल्या जीवशास्त्राच्या बाईंनी रीत शिकवली. रानातले सगळे उंगा मोजता येत नाहीत. म्हणून काही पकडायचे, पाठीवर रंगाचा ठिपका देऊन सोडायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पकडायचे. दुसऱ्या खेपेत ठिपकेवाले जितके कमी, तितके रानात एकूण जास्त. जूनमध्ये इकिमोतूने साठ उंगांना होडीचा निळा रंग लावला.

"माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीस," लिनेता त्याला चिडवायची.

त्याच आठवड्यात तिचं पोटदुखीचं दुखणं विकोपाला गेलं. तो तिला घेऊन ऑकलंडला गेला आणि नोव्हेंबरात तिची शवपेटी घेऊन परतला.

दफनानंतर दहा दिवसांनी त्याने आमिषाचे नारळ झाडांना बांधायला घेतले.

"काका, राहू द्या आता," पोकोतोआ म्हणाला.

"अर्धवट टाकलेलं काम तिला खपायचं नाही."

पन्नास सापडले. त्यांत ठिपकेवाले चार. मी गावसभेचा चिटणीस, भागाकार मी केला. साडेसातशे आले. दोनदा तपासले. कागदावर दोन्ही पकडींच्या तारखा माझ्याच अक्षरात होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही.

रान उघडलं. पहिल्या आठवड्यात शंभरावर उंगा निघाले. सोहळा झाला, पाहुण्यांनी डबे भरून नेले. दुसऱ्या आठवड्यात माणसं रिकाम्या हातांनी परत येऊ लागली.

मार्चमध्ये अरवीसाठी जमीन साफ करताना इकिमोतूला खडकाच्या फटीत कवचाचा तुकडा सापडला. त्यावर निळा ठिपका होता. उंगा वर्षातून एकदा बिळात दडून कात टाकतो आणि ती खातो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. पण पाच महिने मध्ये गेले तेव्हा एकालाही ते आठवलं नाही. तो तुकडा त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

"साठांतल्या कितींनी रंग खाल्ला असेल रे? ते पुन्हा सापडले आणि मी त्यांना नवे धरले."

"तू बायकोजवळ होतास," मी म्हणालो.

"होतो ना. मग परत येऊन मोजायला नको होतं. नव्याने सुरू करायचं."

पुढच्या सभेत तो उभा राहिला. सगळं सांगून त्याने पंधरा वर्षांची बंदी मागितली.

"काका, कुणी बोललं का तुम्हाला काही?" पोकोतोआने विचारलं.

"कुणी बोलत नाही, म्हणूनच उभा राहिलोय."

"पण पंधरा वर्षं म्हणजे तुम्ही तेव्हा..." पोकोतोआ मध्येच थांबला. इकिमोतू त्र्याहत्तरचा होता.

"तिच्या माहेरचं रान आहे. माझ्या जेवणाचा प्रश्न नाही."

बंदी मंजूर झाली. त्यानंतर तो चार वर्षं जगला. दर जूनमध्ये दोन्ही पकडी दोन आठवड्यांच्या आत पुऱ्या करायचा. पहिल्या वर्षी आकडा पंधरा आला. शेवटच्या वर्षी, काठी टेकत जाऊन केलेल्या मोजणीत, सव्वीस. तो कागद त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, तारखांसकट. ऑगस्टमध्ये त्याला लिनेताशेजारी ठेवलं.

बंदीची अकरा वर्षं उरली आहेत.