बरणीतली चिठ्ठी

परवा दुकानात जवसाच्या तेलाचा वास आला आणि तेल पाजलेली माझी हॉकी स्टिक आठवली. निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन होऊन दहाएक वर्षं झाली असतील. छावणीच्या मैदानाजवळ आमचं चहाचं हॉटेल ठरलेलं होतं. दरसाल हॉकीच्या स्पर्धेआधी प्रत्येकानं आपली गल्ली कुठवर जाईल याचा अंदाज चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत टाकायचा आणि फायनलनंतर चुकलेल्यानं उभं राहून तो मोठ्यानं वाचायचा, असा रिवाज होता. त्या साली गल्लीच्या संघातली माझी जागा माझ्याच दोस्ताला मिळाली. त्याच्यासाठी टाळ्या पडल्या की माझ्या पोटात दुखायचं. त्याच्याच गोलवर आमची गल्ली फायनल जिंकली. सगळ्यांचेच अंदाज चुकले होते; जो तो हसत उठून वाचत होता. माझ्या चिठ्ठीत होतं, 'आपली गल्ली पहिल्याच मॅचला बाहेर.' गुडघ्याला लाल माती तशीच असलेला दोस्त उठला आणि आपला चहा माझ्यापुढं सरकवत म्हणाला, "जाऊ दे यार, अंदाजच हाय, चुकतो." मी म्हणालो, "व्हय, चुकला." चहा लई गोड होता, पण मी अर्धाच ठेवला. आज सांगतो, तो अंदाज नव्हताच. रोज मनापासून मागितलेलं मागणं होतं.