गव्हाच्या कोठीवरचा संगणक

दीप्ती मेश्राम दुसऱ्यांची घरे सजवते, तीही अद्याप न बांधलेली. सक्करदऱ्यातल्या एका खोलीत बसून ती बिल्डरांच्या नकाशांतून दिवाणखाने उभे करते, खिडक्यांतून ऊन आत सोडते आणि प्रत्येक शयनगृहाला न चुकता दार लावते. तिच्या स्वतःच्या घराला दार एकच, बाहेरचे. त्या दाराच्या आत आई कांताबाई स्वयंपाक करते, दीप्ती काम करते, आणि एसटीची रात्रीची गाडी चालवणारे वडील, धम्मानंद, दिवसा झोपतात.

मोठ्या घरांत शांतता भिंती पुरवतात. एका खोलीत ती माणसांनी एकमेकांना द्यावी लागते. कांताबाई शिटी होण्याआधी कुकर उतरवी, दीप्ती फोन आला की गल्लीत जाई. हा रिवाज संगणकाला तेवढा ठाऊक नव्हता. चित्र पूर्ण करताना त्याचे पंखे कधी चढत, कधी उतरत, आणि त्याची पातळ पत्र्याची पेटी घुमत राही. उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा कुलरच्या गदारोळात हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. दिवाळीनंतर मात्र घुमणे वाढतच गेले. धम्मानंद कूस बदलत पडून राहत, आणि निघताना कडक चहाचा थर्मास बरोबर नेऊ लागले.

थर्मासचे कारण फेब्रुवारीत कळले. जेवताना ते सहज बोलून गेले, "डोळा लागून राहिला होता काल. कंडक्टर खोकलला म्हणून वाचलो."

ते हसले. कांताबाई हसली नाही. "बसभर माणसं राहते तुमच्या मांगं," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी दीप्ती पेटी बदलून घ्यायला संगणक घेऊन सीताबर्डीवर रोशनच्या संगणकाच्या दुकानात गेली. रोशनने मोठ्या उत्साहाने एक काचेची पेटी पुढे केली.

"हे घ्या ताई. सात रंगाची लाइट मारते."

"लाइट नाही पाहिजे, दादा. आवाज नको. बाबा झोपते बाजूले."

"मंग कॅबिनेट काहून घेता? कापूस द्या त्यायले कानात घालाले."

"अन् अलार्म कोण ऐकन? तुम्ही येसान उठवाले?"

रोशनने लाइट बंद केली. दीप्तीने एकेका पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केली. बहुतेक थाळीसारख्या खणखणल्या. कोपऱ्यातली एक काळी, रूपहीन पेटी मात्र फक्त 'थप' म्हणाली. तिच्या भिंतींना आतून दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा होता, पायांना रबर, आणि छोट्या पंख्यांच्या जागी एकच मोठा, संथ पंखा.

"पॅक पेटी हाये, ताई," रोशन प्रथमच मनापासून बोलला. "मे महिन्यात आत वरण शिजन."

तिने पुढच्या जाळीतून हवा आत जाते ना ते तपासले, सारे भाग नव्या पेटीत बसवून घेतले आणि पाणी मागितले. भरलेला स्टीलचा पेला तिने चालू पेटीवर ठेवला आणि पाण्याकडे एकटक पाहत राहिली. ते हलले नाही.

"मले वाटलं तहान लागली," रोशन म्हणाला.

घरी पेटी जुन्या जागी बसली, यंत्र सुरू झाले, आणि दीप्तीचा चेहरा उतरला. खाटेवरून, डोळे न उघडता, धम्मानंदांनी निर्णय दिला, "चिरचिर गेली वं. घुमणं हाये अजून."

दुकानात जे पाण्याला हलवू शकले नाही, ते घरात माणसाला जागे ठेवत होते. दीप्तीने पुन्हा झाकण उघडले, स्क्रू आवळले, पंखा पाहिला. काही सापडले नाही.

तेवढ्यात कांताबाई दळणासाठी गहू काढायला आली. संगणकाचे टेबल म्हणजे वर्षाच्या गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर टाकलेली फळी. कांताबाईने कोठीची खालची छोटी झडप उघडली, अडकलेले दाणे सुटावेत म्हणून वर एक थाप मारली, आणि कोठी ढोलासारखी वाजली.

दीप्ती आईकडे पाहत राहिली. उन्हाळ्यात कोठी काठोकाठ भरलेली होती. म्हणून ती गप्प होती. पोळ्या होत गेल्या तशी ती पोकळ झाली, आणि यंत्राची बारीकशी थरथरही मोठी करून घरभर वाटू लागली. जो दोष तिने रोज संगणकाच्या माथी मारला, त्यात तिघांच्याही जेवणाचा वाटा होता.

"आई, कोठीत काही भर."

"काय भरू? तुया मामा उमरेडहून नवा गहू पाठवन तवा भरन."

थंडी सरली होती, आणि धुऊन वाळवलेल्या गोधड्या खाटेखाली जागा शोधत होत्या. मायलेकींनी फळी उचलली आणि घड्या एकेक करून कोठीत दाबल्या. "माणसाच्या गोधड्या यंत्राले," कांताबाई म्हणाली, आणि तिने आणखी एक कोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दीप्ती संगणकावर एका बंगल्याचा जिना रंगवत होती. धम्मानंद उठले तेव्हा उंबऱ्यावरचे ऊन सरकून गेले होते.

"आज बंद ठेवला का वं? माह्यासाठी काम नको बुडवू."

"चालूच हाये, बाबा."

त्यांचा विश्वास बसला नाही. गाडीच्या बॉनेटवर ठेवावा तसा त्यांनी पेटीवर तळहात ठेवला आणि थांबले. मग मागे हात नेला. तिथे गरम वारा लागला.

त्यांनी तोंड धुतले, खाकी सदरा चढवला, चपला शोधल्या. कांताबाईने सवयीने थर्मास पुढे केला.

"राहू दे आज," ते म्हणाले, आणि डेपोकडे निघाले.