अण्णांची न झालेली तपासणी

डॉक्टरांनी ज्याला पाहिलंच नाही, अशा माणसाला निरोगी ठरवणारा कागद तुम्ही कधी घरी आणला आहे का? मी आणला आहे. तो माणूस माझे वडील होते.

अण्णा ट्रक चालवायचे. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर पोचवायचे, एरवी परळीच्या वीजकेंद्रातली राख भरायचे. नांदूरघाटच्या आसपासच्या टोळ्या त्यांचीच गाडी मागायच्या, कारण सगळी लेकरं मोजल्याशिवाय ते गाडी हलवत नसत.

निदान झालं त्या सकाळी ते सरकारी दवाखान्याच्या खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. पाय सुजलेले, दम लागलेला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "क्रिएटिनिन नऊ आहे." क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक कचरा. मूत्रपिंडं नीट असली की तो लघवीवाटे निघून जातो आणि आकडा एकच्या आसपास राहतो. "बीपी दोनशेच्या वर आहे. याआधी कधी तपासलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच बोलले. "तीन वर्सांखाली, लायसनाच्या वेळी. सगळं बरुबर निघालतं साहेब."

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

खरं असं होतं. चाळिशीनंतर मोठ्या गाडीचं लायसन नवं करताना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा अण्णांची गाडी राखेच्या रांगेत उभी होती. रांग सोडली की नंबर जातो. "तूच जाऊन ये," म्हणाले. मी त्यांचा फोटो आणि सही केलेला फॉर्म घेऊन एजंटाकडे गेलो. आजारांच्या प्रत्येक प्रश्नापुढे मी माझ्या हातानं 'नाही' लिहिलं. एजंट आत डॉक्टरांकडे गेला आणि शिक्का घेऊन आला. अण्णांच्या दंडाला कुणी बीपीचा पट्टा बांधला नाही.

त्याच आठवड्यात मी ऊसतोड मजुरांसाठी पत्रक छापत होतो. 'कागदावरच्या आरोग्य तपासण्या बंद करा' हे त्याचं शीर्षक होतं.

डॉक्टरांचा सगळा तर्क आता त्या खोट्या उत्तरावर उभा राहिला. "तीन वर्षांपूर्वी सगळं ठीक होतं, म्हणजे हे अलीकडे, झपाट्यानं झालं असावं. तसं असेल तर औषधांनी मूत्रपिंडं थोडीफार परत येऊ शकतात. बायोप्सी करू." बायोप्सी म्हणजे पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीक तुकडा तपासायला काढणं. आईनं 'परत येऊ शकतात' एवढंच ऐकलं आणि माहेरी फोन लावला.

बीपी उतरल्याशिवाय सुई घालता येत नव्हती, आणि ते उतरायला पाच दिवस लागले. तोवर डायलिसिस सुरू झालं. मूत्रपिंडाचं काम यंत्रानं करायचं, एका वेळी चार तास. भेटायला माणसांची रीघ होती. टोळीतली सुमनकाकू खाटेशी बसून म्हणाली, "अण्णा, आमची लेकरं कोण मोजल आता?"

"तूच मोज की. चारच तर हायेत. त्यातलं धाकटं लई पळतंय, त्याला आधी मोज."

वॉर्ड हसला. मीही हसलो. पाच दिवस होते माझ्याकडे. डॉक्टर रोज सकाळी यायचे आणि मी रोज गप्प बसायचो. सांगितलं तर आईची आशा जाईल, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं तर मला माझ्या नावाची काळजी होती.

सुई घातली. दोन दिवस अण्णांना लघवीतून रक्त जात होतं. उताणे पडून ते छताकडे बघायचे आणि कण्हणं दाबायचे.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचून केसपेपर पुन्हा उघडला. मग म्हणाले, "हे जुनं आहे. बीपीनं कित्येक वर्षं मूत्रपिंडं सुकवली आहेत. तीन वर्षांपूर्वी बीपी नॉर्मल कसं असेल?"

तेव्हा मी सांगितलं. आईसमोर, अण्णांसमोर. डॉक्टर रागावले नाहीत. केसपेपरवरची ती ओळ त्यांनी खोडली. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर बहुतेक ही सुई लागलीच नसती." आई उठून बाहेर गेली.

अण्णा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "कावून सांगितलंस रं? लोक तुजं पत्रक वाचत्यात. म्हणून तर तवा तसं बोललो. म्हणलं, तुजं नाव जायला नगं."

आठ महिने डायलिसिस चाललं. एका दुपारी यंत्रावर असतानाच त्यांचं हृदय थांबलं. दहाव्याला तीन ट्रक भरून माणसं आली. श्रद्धांजलीचा मजकूर मीच लिहिला, 'अल्पशा आजाराने निधन' असा. एवढं सगळं माहीत असूनही माझ्या हातानं हेच शब्द लिहिले. दुसऱ्यांच्या खोट्या कागदांवर मी आयुष्यभर ओरडलो, आणि माझ्या घरात दोन खोटे कागद मीच लिहिले.

म्हणून हे लिहितो आहे. घरात ड्रायव्हर असेल तर लायसनाच्या वेळी त्याचा फोटो नेऊ नका, त्याला न्या. नंबर गेला तर जाऊ द्या. डॉक्टरांनी न तपासता सही केली तर कागद परत द्या आणि तपासा म्हणा. आणि माझ्यासारखं आधीच करून बसला असाल, तर आजच त्या माणसाला सांगा, "तुमची तपासणी झालेली नाही," आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा.