ऐकू न आलेलं ‘न्हाई’

भाया, म्हणजे माझे थोरले दीर, जाऊन आता दीड महिना झाला. ज्या सकाळी त्यांना जालन्याच्या दवाखान्यात नेलं, त्या सकाळी ते माझ्याशी बोलले. ‘पाणी दे, बाई,’ म्हणाले. मी एक्क्याऐंशी साली लग्न होऊन तीर्थपुरीच्या या घरात आले, तेव्हापासून ते माझ्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. मीही नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे आमच्यात भावजय उभी राहत नाही. मी पदर पुढे ओढून तांब्या त्यांच्या हातात दिला. ते दोन घोट प्यायले आणि म्हणाले, ‘मंठ्याचा करीम मिस्त्री आला तर त्याला च्या दे. बिनच्याचा जाऊ देऊ नको.’ मालक जीप बघायला गेले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा मला सांगता आलं असतं... मी नुसती मान हलवली. संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, भाया गेले.

आम्ही बोलत नव्हतो म्हणून घर अडत होतं असं नाही. सासूबाई नव्हत्या, जाऊबाई माझ्या लग्नाआधीच पहिल्या बाळंतपणात गेल्या, त्यामुळे घरात बाईमाणूस मी एकटीच. भायांना काही सांगायचं असलं की ते ओसरीवर येऊन खाकरायचे आणि खांबाकडे तोंड करून खांबालाच सांगायचे, ‘आतल्या माणसाला म्हणावं, आज भाकरी जल्दी पाहिजे.’ मी दाराआडून बांगड्या वाजवायची. बांगड्या वाजल्या म्हणजे ऐकलं. मोटार दुरुस्तीला येणारे करीम मिस्त्री हे बघून हसायचे. ‘नाना, एखाद्या दिवशी त्या खांबाला लुगडं तरी नेसवा,’ असं म्हणायचे. भायांना सगळे नाना म्हणत. ते पण हसायचे. ऐकलं याला आमच्यात खूण होती. ‘पुन्हा सांगा’ याला मात्र नव्हती.

गोठ्याशेजारी पत्र्याखाली आमची काळी मोटार उभी असते. सासऱ्यांनी ती फार पूर्वी हैदराबादच्या एका साहेबाकडून घेतली होती. जाऊबाई नवरी होऊन मंठ्याहून आल्या त्या याच मोटारीतून. त्या गेल्यावर भायांनी दुसरं लग्न केलं नाही. मोटार मात्र त्या आल्या त्या दिवशी होती तशीच ठेवायची, असं त्यांनी मनाशी धरलं. भोंगा तोच, गादीचं कापड फाटलं तर त्याच रंगाचं शोधून आणायचं. दर पाडव्याला मोटार धुवायची, हार घालायचा आणि तिची घरघर ऐकत तळ्यापर्यंत जाऊन यायचं. मागची गादी रिकामी असायची. मालकसुद्धा तिथं बसत नसत.

मग एका वर्षी बॅटरी गेली. आताच्या बॅटऱ्या बारा व्होल्टच्या, हिची सहाची. पाय ठेवतात तिथली फळी उचलली की खाली तिच्या मापाची जागा होती. बॅटरीचं खोकं काळ्या कडक रबराचं, अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं, वर तीन झाकणं आणि डांबराचा थर. मिस्त्रींनी ती उघडली, आतला सगळा माल काढला, खोकं सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि आमच्या अंगणात वाळत ठेवलं. ‘नाना, आत नव्या प्लेटा भरतो, वरून डांबर ओततो, बिलकुल पहिल्यासारखी. खोकं तेवढं जपा. असलं खोकं आता मिळत न्हाई. हैदराबादचे शौकीन लोक ह्याच्यावर जीव टाकतेत.’ असं सांगून ते प्लेटांच्या खटपटीला गेले.

घरात दसऱ्याचं काढणं चाललं होतं. सगळी भांडीकुंडी, डबे, चिंध्या अंगणात. त्या सकाळी भायांना घनसावंगीला जायचं होतं. दारात जीप येऊन थांबली होती. ते खांबापाशी आले, खाकरले आणि म्हणाले, ‘आतल्या माणसाला म्हणावं, मोडवाला आला तर त्याला ते काळं खोकं द्यायचं...’ आणि जीपवाल्याने हॉर्न दाबून धरला. पुढे त्यांचे ओठ हलले का, मला दाराआडून काय दिसणार? मी बांगड्या वाजवल्या. ते गेले.

मोडवाला दुपारी आला. फुटकं घमेलं, लोखंडाचे तुकडे, एक चेपलेली पितळी समई मी पुढे केली आणि वर ते खोकं ठेवलं. तो म्हणाला, ‘रबर हाय हे, मावशी. माझ्या काय कामाचं?’ मी कधी कुणाशी वाद घालत नाही. त्या दिवशी घातला. ‘नेच,’ म्हटलं. ‘घरच्यांनी सांगून ठेवलंय.’ मोडीच्या बदल्यात त्याने मला स्टीलचा तांब्या दिला. खोकं त्यात धरलंच नव्हतं. ते त्याने फक्त माझ्या शब्दाखातर नेलं.

संध्याकाळी भायांनी अंगणात शोधाशोध केली. मी चुलीपाशी होते. बाहेर मालक म्हणाले, ‘मोडीत तर गेलं न्हाई, दादा?’ आणि भाया म्हणाले, ‘कसं जाईल? खोकं द्यायचं न्हाई म्हणून मी आतल्या माणसाला सांगून गेल्तो.’ ते ‘न्हाई’ मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं... भाकरी तव्यावर जळाली.

त्याच दुपारी मिस्त्री प्लेटा आल्याचं सांगायला येऊन दारातूनच परत गेल्याचं शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते प्लेटा घेऊन आले, तेव्हा भाया ओसरीवरच उभे होते.

‘खोकं कुठंय, करीम?’

‘इथंच ठेवल्तं की.’

‘मंग त्याला पाय फुटले का? का हैदराबादला शौकीन भेटला एखादा?’

मिस्त्री आधी हसले, त्यांना गंमत वाटली. मग हसणं गेलं. ‘नाना, तुमच्या घरचं पाणी पिलोय. म्या हात लावला न्हाई. घरात तर विचारा एकदा.’

‘घराचं नाव घेऊ नको,’ भाया म्हणाले. ‘आतल्या माणसाला एकदा सांगितलं की तिथं चूक होत न्हाई.’

मी दाराआड होते. एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून उभी होते, वाजू नयेत म्हणून. मिस्त्रींनी प्लेटांची पिशवी ओसरीच्या पायरीवर ठेवली आणि निघून गेले. भाया होते तोवर ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

आज सांगू, उद्या सांगू, असं मी महिनाभर म्हणत होते. मालकांना सांगितलं तर ते दादांना सांगणार. आणि ज्या माणसाने माझ्यावर एवढा भरवसा टाकला त्याच्या ओसरीवर मी उद्या चहा कुठल्या तोंडाने ठेवू? मग वर्ष गेलं, आणि सांगणं आणखी अवघड झालं. भाया खोकं शोधत राहिले. जालन्याचं भंगार, औरंगाबादचं, हैदराबादलाही दोनदा गेले. एकदा कुणाच्या सांगण्यावरून ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी जोडली. ती फळीखाली बसेना म्हणून मागच्या गादीवर ठेवली, आणि चावी फिरवताच दिव्यांच्या काचा काळ्या पडल्या. भायांनी त्याच क्षणी ती उतरवली. गादीवर ॲसिडचा डाग पडला होता, ओल्या फडक्याने पुसत ते दुपारभर बसले. पुढे मोटार सुरू झालीच नाही. पाडव्याला ते तिला हार घालायचे आणि परत यायचे. मी त्यांना त्याच तांब्यातून पाणी पाठवायची. घरात पाण्याला तोच होता.

तेराव्यानंतर चार दिवसांनी करीम मिस्त्री आले. दाढी पांढरी झाली होती. मालकांजवळ ओसरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबरा ओलांडला आणि ओसरीवर परपुरुषासमोर पहिल्यांदा उभी राहून बोलले. ‘खोकं मी दिलं होतं मोडीत. मला “न्हाई” ऐकूच आलं न्हाई. हा तांब्या तेव्हाचाच.’ मालक माझ्याकडे बघत राहिले. मिस्त्रींनी तोंडाकडे नेलेला तांब्या खाली ठेवला.

‘मला सांगून काय, भाभी?’ ते म्हणाले. ‘म्या घेतलं न्हाई हे मला ठावंच व्हतं. ज्याला सांगायचं व्हतं तो गेला.’

मी चहा आणला. नानांनी सांगून ठेवलंय, एवढं म्हटलं. त्यांनी तो सगळा प्यायला. कपबशी खाली ठेवून म्हणाले, ‘नानाचा व्हता म्हणून पिलो,’ आणि चपला घातल्या. तांब्यातलं पाणी तसंच होतं.

मालक माझ्याशी बोलतात, पण त्या तांब्याला हात लावत नाहीत. तो मी भायांच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवला आहे. दिवसातून दहा वेळा मी त्या खांबाजवळून जाते. हातात घागर असते, नाहीतर सूप असतं, आणि हात हलला की बांगड्या वाजतात. वाजल्या की पाय जागीच थांबतात... खांबाला वाटत असेल, मी ऐकलं.