जावयाला गुळाचं पाणी

मी तसा भित्रा माणूस नाही. चँडलरच्या वाळवंटी गावात राहायला आलो त्याच आठवड्यात बाथरूममध्ये मांजराएवढा विंचू मी नुसत्या चपलेनं लोळवला आहे. बायको म्हणते, तो करंगळीएवढा होता आणि चप्पल उचलायच्या आधी मी कमोडवर चढलो होतो. पण ती दाराबाहेर होती, तिला काय दिसणार? तेव्हा अंगठ्याएवढ्या एका पाखरानं माझी गाळण उडवली, हे मी आपल्या तोंडानं सांगतोय म्हणजे ते खरं धरायला हरकत नाही.

पाखरू म्हणजे हमिंगबर्ड. बॅकयार्डातल्या लिंबाच्या झाडाला मी साखरेचं पाणी भरलेला लाल फीडर टांगला होता, त्यावर एक नर यायचा. त्यानं मान वळवली की गळ्यावर अशी गुलाबी वीज चमकायची की गल्लीतले दिवे शरमेनं मंद व्हायचे. दुसरा पक्षी फिरकला तर हा त्याला थेट मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत पिटाळून यायचा आणि दमही न घेता प्यायला बसायचा.

बाबा गेल्यावर आईला मी नागपूरहून इकडे आणलं, ते तिच्या मनाविरुद्धच. "रस्त्यावर माणूस दिसत नाही रे. ही घरं आहेत की गोदामं? माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे." तिकडे रिकाम्या घरात ती एकटी राहणार, हे मला मान्य नव्हतं. मी विनवण्या केल्या, बायकोनं केल्या. उपयोग शून्य. मग एका सकाळी आईची लाल कानटोपी हे भलंमोठं फूल असावं असं समजून तो पक्षी तिच्या नाकासमोर येऊन हवेत थरथरत उभा राहिला. आईही श्वास रोखून तशीच उभी. त्या दिवसापासून तिनं तिकिटाचा विषय काढला नाही. पक्ष्याला मात्र नाव दिलं: जावई. "येतो, खातो, रुबाब करतो आणि दुसऱ्याला पानाशी फिरकू देत नाही. जावई नाही तर काय?"

आता जावयाला नुसतं साखरेचं पाणी कसं चालेल? दारी आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, हे आईच्या हाडात आहे. तिनं इंडियन स्टोअरमधला काळपट गूळ किसला, कोमट पाण्यात विरघळवला आणि फीडर भरला. मी बघत होतो. "वा!" असंही म्हणालो. जावई प्यायला. दुसऱ्या दिवशीही प्यायला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी स्टुलावर चढून, डोकावून विचारलं, पाणी असं तपकिरी का? मी छाती फुगवून गुळाची महती सांगितली. उसाचा रस, मोठी कढई, लोहानं नुसता भरलेला! लोह म्हणताच त्यांचा चेहरा पडला.

"ओह नो, हनी. तेच तर त्यांना बाधतं. पांढरी साखर आणि पाणी, बाकी काही नाही. लोहानं मरतात ती."

मी धावतच फीडर उतरवला, गरम पाण्यानं खळखळून धुतला आणि साखरेचं पाणी भरून परत टांगला. आईनं आतून विचारलं, "काय करतोयस रे?"

"मुंग्या लागल्यात. उंदराएवढ्या."

तिनं काचेतून फीडरकडे पाहिलं. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. उजाडताच मी बाहेर गेलो. हिरवळीवर हिमाची पांढरी पापडी होती.

जावई फीडरवर होता. उलटा. नखं काठाला अडकलेली, चोच जमिनीकडे, पिसं विस्कटलेली, डोळे मिटलेले. मी फुंकर घातली, हलला नाही. विंचवाला न भ्यालेला माणूस मी, पण त्याला बोट लावायची हिंमत होईना. गूळ. आईचा गूळ. दारी आलेला आपल्या हातच्या पाण्यानं गेला, हे कळल्यावर ती या घरात अन्नाचा घास घेईल? आधी तिकीट मागेल. आणि तिकडे एकटी बसून हेच उगाळत राहील.

मागे सरकतं दार वाजलं.

"आई, आत जा! रानडुक्कर आलंय. म्हशीएवढं!"

"भिंत सहा फुटांची आहे. शिडी लावून आलं का?"

"खरंच गं, थंडी आहे, तू..."

"सरक."

मी हात पसरून उभा राहिलो. तिनं मला कोपरानं बाजूला केलं, लहानपणी स्वयंपाकघरात करायची तसं. तिनं पाहिलं. कानटोपीखाली तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"गुळानं?"

इतकी वर्षं ज्या तोंडानं थापांचे डोंगर रचले, त्यात एक खडा उरला नव्हता. "हो," मी म्हणालो. "बहुतेक."

ऊन भिंतीवरून उतरत लिंबाच्या शेंड्यावर आलं, मग फीडरवर. आम्ही दोघं नुसते बघत होतो. एक पीस हललं. वारा असेल. मग छाती हलली. मग तो पक्षी, हाडं खिळखिळी होतील असा, थरथरायला लागला. आईनं माझं मनगट असं धरलं की वळ उठले. तो अचानक सुलटा झाला, घटाघटा प्यायला आणि माझ्या कानावरून सणकन निघून गेला.

"थंडीनं रात्री तशी निपचित पडतात ती, ऊन लागलं की उठतात," शेजारच्या बाई भिंतीवरून म्हणाल्या. त्या केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे.

आई खुर्चीत बसली. म्हणाली, "काल पाणी नितळ दिसलं तेव्हाच मला शंका आली होती. आता खरं सांग. मेला असता, तर मला काय सांगणार होतास?"

"थंडीनं गेला म्हणून."

"आणि मी मानलं असतं," ती म्हणाली.

तिकिटाचं तिनं त्या दिवशीही काढलं नाही. साखर-पाण्याचं माप मात्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. जावई पुढेही आला. पण थंडीच्या सकाळी आजही मी दार सरकवतो तेव्हा मला आधी फीडरकडे बघवत नाही. आणि शेजारी कानटोपी घालून आई आधीच उभी असते, डोळे मिटून.

"तू बघ," ती म्हणते. "आणि खरं सांग."